सोपाऱ्याचा दगड आणि बायबलमधील माणसे

बायबलमधील माणसे खरोखर होऊन गेली का, या प्रश्नाला लोक होय किंवा नाही असे एकच उत्तर मागतात आणि चर्चा तिथेच बिघडते. बायबल म्हणजे हिब्रू, अरामी आणि ग्रीक या तीन भाषांत, जवळजवळ हजार वर्षांच्या काळात, वेगवेगळ्या हातांनी लिहिल्या गेलेल्या पुस्तकांचा संग्रह होय. प्रॉटेस्टंट परंपरेत त्यांची संख्या 66 आणि कॅथलिक परंपरेत 73 धरली जाते, आणि त्यांत वंशावळी, राजांच्या बखरी, स्तोत्रे, कायदे, सुभाषिते, बोधकथा आणि पत्रे शेजारी शेजारी बांधलेली आहेत. बखर वाचण्याची रीत वेगळी, स्तोत्र म्हणण्याची वेगळी आणि दुसऱ्याला लिहिलेले पत्र उघडून पाहण्याची आणखी वेगळी. त्यामुळे अब्राहाम, दावीद, ईयोब आणि पौल या चौघांविषयी एकाच दमात विधान केले, तर ते त्यांच्यापैकी निदान तिघांच्या बाबतीत चुकते. हा प्रश्न माणसागणिक आणि पुराव्यागणिक सोडवावा लागतो.

उत्तर कोकणातील वाचकाला हा विषय परका नाही. पश्चिम रेल्वेवर पालघर आणि बोईसर यांच्या मध्ये असलेल्या उमरोळीहून दक्षिणेकडे निघाले, की केळवे रोड, सफाळे, वैतरणा आणि विरार मागे टाकून गाडी नालासोपाऱ्याला येते, आणि या स्थानकाच्या पश्चिमेला असलेले जुने सोपारे हे महाभारतातील शूर्पारक, बौद्ध जातककथांतील सुप्पारक आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रमार्गदर्शक पुस्तिकेतील सुप्पारा होय. पुढच्याच वसईत पोर्तुगीज अमलापासून, म्हणजे 1534 नंतरच्या काळापासून, नांदत आलेला मराठी ख्रिस्ती समाज आहे. ‘सुबोध बायबल’ सिद्ध करणारे आणि 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मातीतले. सोपारे, वसई आणि खाली अलिबागपर्यंतची ही किनारपट्टी बायबलशी इतक्या धाग्यांनी जोडली गेलेली आहे, की या प्रश्नाची कसोटी घडवायला जेरुसलेमला जाण्यापूर्वी सोपाऱ्यालाच थांबणे अधिक योग्य ठरते.

1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्यातील विटांचा एक उंचवटा खणला. आसपासचे लोक त्याला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत असत, म्हणजे टोपल्या विणणाऱ्या कोणा राजाचा तो किल्ला होता असे मानत असत. परंतु आत निघाला तो बौद्ध स्तूप, आणि त्या स्तूपाच्या पोटात एक दगडी करंडा, त्यात तांबे, रुपे, स्फटिक आणि सोने अशा निरनिराळ्या द्रव्यांच्या एकात एक बसवलेल्या डब्या, आणि सर्वांत आतल्या सोन्याच्या डबीत मातीच्या भिक्षापात्राच्या इवल्याशा खापऱ्या सापडल्या. त्याच सुमारास सोपाऱ्यात काळ्या पाषाणाचा एक तुटका तुकडा मिळाला, ज्यावर अशोकाच्या आठव्या शिलालेखातील काही ओळींचे अवशेष ब्राह्मी लिपीत कोरलेले आहेत. हा तुकडा आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. या दोन शोधांतून पुराव्याचा सगळा स्वभाव उलगडतो. गावाच्या स्मृतीत बुद्धाचे नाव पुसले जाऊन त्या जागी एक बुरुड राजा बसला होता, म्हणजे लोकस्मृती माणसे विसरते आणि प्रसंगी नवी माणसे घडवतेही. आणि दुसरीकडे दगडाच्या एका फुटक्या कपरीने, तिच्यावर एकही वाक्य धड पूर्ण नसताना, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एका राजाची आज्ञा या बंदरापर्यंत पोहोचली होती हे निर्विवाद केले.

अशोकाचे उदाहरण बायबलच्या संदर्भात फार उपयोगी आहे, म्हणून त्यावर थोडे थांबले पाहिजे. 1837 साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपीचा उलगडा केला तेव्हा शिलालेखांत त्याला ‘देवानांपिय पियदसी’ ही बिरुदे मिळाली, आणि श्रीलंकेतील बौद्ध बखरींच्या आधाराने ती अशोकाचीच असल्याचे ठरले. पुढे 1915 साली मस्कीच्या शिलालेखात अशोक हे नाव प्रत्यक्ष सापडले. त्याआधी अशोक धार्मिक कथांतच जिवंत होता, आणि त्या कथांत तो नव्याण्णव भावांना ठार मारतो, चौऱ्याऐंशी हजार स्तूप उभारतो. शिलालेखांनी अशोक खरा ठरवला, मात्र नव्याण्णव भावांची हत्या किंवा स्तूपांची ती संख्या खरी ठरवली नाही. माणूस होऊन गेला हे एक विधान आणि त्याच्या नावावर सांगितलेले सर्व काही घडले हे दुसरे विधान. पहिले सिद्ध झाले म्हणून दुसरे सिद्ध होत नाही, आणि दुसरे ढासळले म्हणून पहिले ढासळत नाही. बायबलविषयीच्या वादात श्रद्धाळू पहिली चूक करतात आणि संशयवादी दुसरी.

सोपाऱ्याचे नाव खुद्द बायबलशी जोडण्याचा प्रयत्नही झालेला आहे. जुन्या करारातील ‘राजे’ या पुस्तकात शलमोन राजाची गलबते ओफीर नावाच्या देशातून 420 किक्कार सोने आणतात (किक्कार हे वजनाचे जुने माप आहे), अलमग नावाचे लाकूड आणि रत्ने आणतात, आणि दर तीन वर्षांनी येणाऱ्या जहाजांतून सोने, रुपे, हस्तिदंत, वानरे आणि, रूढ अर्थाप्रमाणे, मोर येतात असे लिहिलेले आहे. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात या ओफीरचे रूप ‘सोफीर’ असे होते, इसवी सनाच्या पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार जोसीफस ओफीरची जागा हिंदुस्थानच्या बाजूला दाखवतो, वानरासाठी वापरलेला हिब्रू शब्द ‘कोफ’ संस्कृत ‘कपि’ची आठवण करून देतो, आणि मोरासाठीचा शब्द तमिळ ‘तोगै’शी जोडला जातो. एवढ्या सामग्रीवर सोफीर म्हणजे सोपारे असे समीकरण मांडले गेले, आणि ते या भागातील वाचकाला सुखावणारे असल्यामुळे आजही आवडीने सांगितले जाते.

परंतु आवडीच्या अनुमानालाच कठोर कसोटी लावावी लागते. शलमोनाचा काळ इसवी सनापूर्वी दहाव्या शतकात धरला जातो, तर सोपाऱ्याचे ठाम पुरातत्त्वीय अवशेष अशोकाच्या काळापासून पुढचे आहेत, म्हणजे मध्ये जवळजवळ सातशे वर्षांची दरी आहे. कोकणच्या काळ्या खडकात सोन्याच्या खाणी नाहीत. आणि ‘उत्पत्ती’ या बायबलच्या पहिल्या पुस्तकात ओफीर हे नाव शबा आणि हवीला या नावांच्या जोडीने येते, ज्यांवरून बहुतेक अभ्यासक दक्षिण अरबस्तान किंवा तांबड्या समुद्राच्या मुखाकडे पाहतात. केवळ नादसाम्यावर स्थळे ठरवायची झाली, तर जगाच्या कोणत्याही किनाऱ्यावर ओफीर सापडेल, आणि तसे ते अनेकांना अनेक खंडांत सापडलेही आहे. मात्र ओफीर ही निव्वळ कविकल्पना नव्हती, हे एका खापरीने दाखवून दिले आहे. 1946 साली तेल अवीवजवळच्या तेल कसीले येथे मिळालेल्या, इसवी सनापूर्वी आठव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या मडक्याच्या तुकड्यावर ओफीरचे सोने, बेथ-होरोन आणि 30 शेकेल अशी नोंद आहे. घोलवडचा चिकू म्हटले की जागेच्या नावातच मालाचा दर्जा सांगितला जातो, तसे ओफीरचे सोने हे त्या काळच्या व्यापारात रुळलेले नाव होते. कोणा कारकुनाने माल मोजताना खरडलेली ही ओळ शलमोनाच्या वैभवाची साक्ष देत नाही. ती शलमोनानंतरची आहे आणि त्याचे नावही घेत नाही. शलमोनाच्या हयातीतला, त्याचे नाव असलेला एकही लेख आजवर सापडलेला नाही.

त्याच्या पित्याची, दाविदाची, गोष्ट वेगळी आहे. 1993 आणि 1994 साली उत्तर इस्रायलमधील तेल दान येथे काळ्या पाषाणाचे तुकडे सापडले, त्यांवर अरामी भाषेत एका शत्रुराजाने आपल्या विजयाची फुशारकी कोरलेली आहे, आणि हरवलेल्या राजांपैकी एकाचा उल्लेख तो ‘दाविदाचे घराणे’ या शब्दांनी करतो. हा लेख इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला, म्हणजे दाविदानंतर साधारण दीड शतकाच्या आतला आहे. देवगिरीच्या राजांना शत्रूही यादव म्हणत, तसे यहूदाच्या राजांना त्यांचे वैरी दाविदाच्या नावाने ओळखत होते, आणि घराणे ज्याच्या नावाने ओळखले जाते असा मूळ पुरुष नव्हताच असे मानण्यास त्यानंतर फारसे कारण उरत नाही. पण गल्याथ नावाच्या राक्षसी योद्ध्याला गोफणीच्या एका दगडात लोळवणारा मेंढपाळ मुलगा या लेखाने सिद्ध होत नाही. त्या कथेविषयी तर बायबललाच एक शंका आहे: शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील एका ओळीत गल्याथाला मारणारा म्हणून एल्हानान नावाच्या दुसऱ्याच योद्ध्याचे नाव येते, आणि नंतर लिहिल्या गेलेल्या इतिहासाच्या पुस्तकात ती विसंगती मिटवण्यासाठी एल्हानानाने गल्याथाच्या भावाला मारले अशी दुरुस्ती झालेली दिसते. शूरांच्या पराक्रमाच्या कथा थोर राजाच्या नावाकडे वाहत जातात, हे मराठी मुलखाने स्वतःच्या पोवाड्यांत आणि बखरींत पुरेपूर पाहिलेले आहे. हे दोन्ही पाठ संकलकांनी शेजारी शेजारी राहू दिले, यात त्यांचा एक प्रकारचा प्रामाणिकपणा आहे, आणि तो बायबलच्या अभ्यासकाला फार मोलाचा वाटला पाहिजे.

दाविदानंतरच्या राजांची मालिका सुरू झाली की जमीन अधिकाधिक घट्ट होत जाते. मवाबचा राजा मेशा याचा शिलालेख 1868 साली उजेडात आला आणि त्यात इस्राएलचा राजा अम्री आहे. अश्शूरच्या शल्मनेसराच्या काळ्या स्तंभावर येहू राजाच्या नावाने खंडणी आणणारे दूत कोरलेले आहेत. अश्शूरच्याच सन्हेरीब राजाने इसवी सनापूर्वी 701 साली यहूदाचा राजा हिज्कीया याला जेरुसलेमात कोंडल्याचे स्वतःच लिहून ठेवले आहे. आणि बॅबिलोनच्या कोठारातील मातीच्या पाट्यांवर कैदेत असलेल्या यहोयाखीन राजाला आणि त्याच्या पाच पुत्रांना द्यायच्या तेलाचे माप नोंदलेले आहे. या सर्व नोंदी करणाऱ्यांपैकी कोणालाही बायबलची पाठराखण करायची नव्हती, आणि म्हणूनच त्यांच्या साक्षीला वजन आहे.

या मालिकेतील एका राजाजवळ मुद्दाम थांबले पाहिजे, कारण त्याची कथा कोकणापर्यंत येते. अम्रीचा मुलगा अहाब हा बायबलमध्ये दुष्ट राजा म्हणून गाजलेला आहे. तिग्रीस नदीच्या परिसरातील कुर्ख येथे 1861 साली सापडलेल्या अश्शूरी शिलेवर इसवी सनापूर्वी 853 च्या कर्कार येथील लढाईची हकीकत आहे, आणि तीत अश्शूरविरुद्ध एकवटलेल्या राजांमध्ये अहाब 2,000 रथ आणि 10,000 पायदळ घेऊन उभा आहे. आकडा फुगवलेला असणे शक्य आहे, पण राजा बलाढ्य होता यात संशय उरत नाही. नवल असे, की बायबलमध्ये या लढाईचा एका शब्दानेही उल्लेख नाही. त्याऐवजी तेथे नाबोथ नावाच्या एका सामान्य शेतकऱ्याची कथा विस्ताराने येते: राजाला आपल्या वाड्याशेजारचा नाबोथाचा द्राक्षमळा भाजीच्या बागेसाठी हवा होता, वाडवडिलांची जमीन देणार नाही असे नाबोथाने सांगितले, राणी ईजबेलीने खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडांनी ठार करवले, आणि राजा त्या मळ्याचा ताबा घेण्यास उतरला तेव्हा एलीया नावाचा संदेष्टा त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. संदेष्टा म्हणजे देवाचा निरोप राजालाही तोंडावर सुनावणारा माणूस. वाडवडिलांच्या जमिनीचा अर्थ काय, हे अणुवीज केंद्रासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठलेली पाहिलेल्या तारापूर-बोईसरच्या परिसराला समजावून सांगावे लागत नाही.

एलीयाचे नाव कोणत्याही शिलेवर नाही. त्याच्यापाशी रथ नव्हते, खंडणी नव्हती, आणि त्याला हरवून फुशारकी कोरावी असे कोणा राजाला वाटण्याचे कारण नव्हते. तरीही कोकणातील बेने इस्रायल समाजाने, म्हणजे नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आपले पूर्वज या देशात आले असे सांगणाऱ्या, तेलाच्या घाण्याचा धंदा करणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवत असल्यामुळे ‘शनिवार तेली’ म्हणवल्या गेलेल्या मराठीभाषक यहुदी समाजाने, याच एलीयाला ‘एलियाहू हन्नाबी’ या नावाने आपल्या घरात आणि सणांत जागा दिली; हन्नाबी म्हणजे संदेष्टा. नवस फेडताना किंवा शुभकार्याच्या वेळी मलिदा केला जातो: भिजवलेल्या पोह्यांत ओले खोबरे, साखर, वेलची आणि सुकामेवा घालून ताट रचले जाते, वर फळे मांडली जातात आणि एलियाहू हन्नाबीची स्तुती गायिली जाते. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एका खडकावर ज्या खुणा आहेत, त्या एलियाहूच्या रथाच्या आणि घोड्यांच्या असल्याचे हा समाज मानतो आणि यात्रेला तेथे जातो. त्या खुणा इतिहासाचा पुरावा म्हणून मांडता येत नाहीत, आणि तशा त्या मांडूही नयेत. पण अहाबाचे नाव दगडाने जपले आणि एलीयाचे नाव माणसांनी जपले. अहाबाच्या नावाने कोणी पोह्यांचे ताट वाढत नाही. एलीया होऊन गेला का, या प्रश्नाला इतिहासाचे काटेकोर उत्तर एवढेच देता येते, की ज्या राजाशी तो भांडला तो राजा पूर्णपणे खरा आहे, त्या काळात असे संदेष्टे होते, आणि या कथांच्या गाभ्याशी एक खरा माणूस असणे अगदी संभवनीय आहे; मात्र अग्निरथातून स्वर्गारोहण हा इतिहासाच्या साधनांनी तपासता येण्यासारखा विषयच नाही. शिला ज्यांची नोंद करते ते बहुधा राजे असतात, आणि बायबलची बहुतेक पाने राजे नसलेल्या माणसांनी भरलेली आहेत, ही अडचण या संपूर्ण विषयाच्या मुळाशी आहे.

दाविदाच्या मागे जाऊ लागले की जमीन पायाखालून सरकते. अब्राहाम, इसहाक आणि याकोब या कुलपित्यांचा कोणताही समकालीन पुरावा नाही. त्यांच्या कथांत उंटांचे तांडे आहेत, परंतु त्या प्रदेशात पाळीव उंट इसवी सनापूर्वी दहाव्या शतकाच्या सुमारास रुळलेले दिसतात. अब्राहाम पलिष्ट्यांच्या देशात राहतो, परंतु पलिष्टी लोक त्या किनाऱ्यावर इसवी सनापूर्वी बाराव्या शतकाच्या सुमारास आले. 1974 साली थॉमस थॉम्प्सन या अभ्यासकाने अशा विसंगतींची सविस्तर छाननी करून या कथा पुष्कळ नंतरच्या काळात रचल्या गेल्याचे दाखवले, आणि तेव्हापासून अब्राहामाला निश्चित शतकात बसवण्याचे प्रयत्न मागे पडले. इस्राएली लोकांना इजिप्तमधून बाहेर नेणाऱ्या मोशेच्या बाबतीत ‘मोशे’ हे नावच इजिप्शियन घडणीचे आहे ही गोष्ट लक्षणीय आहे. पण टोपलीत घालून नदीत सोडलेल्या बाळाची कथा अक्कादच्या सार्गोन राजाविषयीही सांगितली जात असे, आणि कर्णाची पेटी ज्याला ठाऊक आहे अशा मराठी वाचकाला हा कथाबंध ओळखायला वेळ लागत नाही. इजिप्तच्या नोंदींत मोशे नाही. मेर्नेप्ताह या फारोच्या, इसवी सनापूर्वी 1207 च्या सुमारास कोरलेल्या शिलालेखात मात्र ‘इस्राएल’ आहे, आणि त्या नावापुढे देशाचे चिन्ह न काढता बसलेला पुरुष, बसलेली स्त्री आणि त्यांच्याखाली तीन रेघा असे लोकसमूहाचे चिन्ह काढलेले आहे. देश नसलेली, राजा नसलेली एक जमात. मोशेच्या परंपरेचा इतिहास शोधायचा तर तो या तीन रेघांच्या आसपास शोधावा लागतो.

अशा कथांना काय म्हणावे, याचे एक उत्तर मराठीने चार शतकांपूर्वीच दिलेले आहे. गोव्यातील जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी बायबलची कथा मराठी ओव्यांत रचून 1616 साली राचोल येथे छापली तेव्हा त्या ग्रंथाला पुराणाचे नाव मिळाले. जुन्या करारावरील भाग आदिपुराण आणि ख्रिस्तचरित्राचा भाग देवपुराण म्हणून ओळखला गेला. संस्कृत परंपरेने पुराणाची जी पाच लक्षणे सांगितली, त्यांत सृष्टीची उत्पत्ती, प्रलयानंतरची पुनर्निर्मिती आणि वंशांच्या कथा येतात, आणि बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाचा आराखडा जवळजवळ तसाच आहे. पुराण म्हणजे खोटे असा अर्थ आधुनिक बोलण्यात आला असला तरी तो मूळचा नाही. एखादा समाज स्वतःचे मूळ स्वतःला ज्या रीतीने सांगतो ती रीत म्हणजे पुराण, आणि त्या रीतीत सनावळी दुय्यम असते. ईयोब आणि योना यांची पुस्तके तर बोधकथेच्या अंगाने लिहिलेली आहेत, आणि एस्तेर राणीच्या कथेला इराणच्या ज्ञात इतिहासात जागा सापडत नाही.

यशयाच्या बाबतीत प्रश्न वेगळ्या तऱ्हेने उभा राहतो. यशया हा इसवी सनापूर्वी आठव्या शतकातील संदेष्टा, परंतु त्याच्या नावावरील पुस्तकाच्या चाळिसाव्या अध्यायापासून पुढे भाषा, काळ आणि परिस्थिती बदलते आणि दीडशेहून अधिक वर्षांनी झालेल्या कोरेश या इराणी सम्राटाचे नावही येते. यावरून पुस्तकात निदान दोन यशया आहेत हे मत आज सर्वसाधारणपणे मान्य आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ‘भारद्वाज’ या टोपणनावाने ‘सुधारक’ पत्रात ज्ञानेश्वरीचा कर्ता आणि अभंगांचा कर्ता हे दोन निराळे ज्ञानेश्वर असल्याचे प्रतिपादन झाले तेव्हा महाराष्ट्रात मोठे वादळ उठले होते. ते प्रतिपादन टिकले नाही, आणि यशयाविषयीचे टिकले; कारण ते भाषेच्या आणि काळाच्या कसोटीला उतरले. प्रश्न विचारण्याची रीत मात्र दोन्हीकडे एकच होती, आणि ती रीत आपल्या घरच्या ग्रंथाला लावण्याची तयारी ज्याची असेल त्यालाच ती दुसऱ्याच्या ग्रंथाला लावण्याचा अधिकार पोहोचतो.

साक्षीदार घटनेच्या किती जवळ होता, यावर पुष्कळ काही अवलंबून असते, आणि याची दोन उदाहरणे या किनाऱ्यावरच मिळतात. येशूच्या बारा शिष्यांपैकी बर्थलमय हा कल्याणला आला होता, असे मत मांडले गेले आहे. त्याचा आधार असा, की चौथ्या शतकातील युसेबियस हा इतिहासकार, दुसऱ्या शतकाच्या अखेरीस पँटीनस नावाचा धर्मगुरू ‘इंडिया’त गेला आणि तेथे त्याला बर्थलमयाने आणलेले मत्तयाचे शुभवर्तमान मिळाले, अशी ऐकीव हकीकत देतो. त्या काळी इंडिया हे नाव अरबस्तान आणि इथिओपियाच्या किनाऱ्यांनाही लावले जात असे, आणि हकीकतीत कल्याणचे नावही नाही. याउलट 1321 साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन संन्यासी मारले गेले, त्यांचा सहप्रवासी जॉर्डानस त्या वेळी या भागातच होता, त्याने त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले आणि त्याच वर्षी पत्र लिहून ती बातमी कळवली. ठाण्याची घटना इतिहास आहे, कल्याणची शक्यता आहे, आणि दोन्हींना सारख्याच निष्ठेने जपणाऱ्या भाविकानेही हा फरक मनात ठेवायला हवा.

मग येशूचे काय? तो गालील प्रांतातील एका नगण्य खेड्यातला सुतार, त्यामुळे त्याच्या हयातीत त्याचे नाव कोणी दगडावर कोरेल ही अपेक्षाच चुकीची आहे. पण त्याच्याभोवतीचे अधिकारी दगडावर सापडले आहेत. 1961 साली कैसरिया येथील जुन्या नाट्यगृहात पायरीसाठी पुन्हा वापरलेला एक चुनखडीचा दगड निघाला, त्यावर रोमन सुभेदार पंतय पिलात याचे नाव आणि हुद्दा आहे. 1990 साली जेरुसलेमात मुख्य याजक कयफा याच्या घराण्याची अस्थिपेटी सापडली. 1968 साली जेरुसलेमच्या एका थडग्यातून येहोहानान नावाच्या माणसाची अस्थिपेटी निघाली, तिच्यातील टाचेच्या हाडात सुमारे साडेअकरा सेंटिमीटर लांबीचा लोखंडी खिळा अडकलेला होता आणि खिळ्याचे टोक वाकल्यामुळे तो काढता न आल्याने तसाच पुरला गेला होता. हा माणूस येशू नव्हे. परंतु क्रुसावर मारल्या गेलेल्याला रीतसर मूठमाती मिळाली हे शुभवर्तमानांतील वर्णन त्या काळात शक्य होते, एवढे या हाडाने दाखवले आहे.

लिखित साक्ष याहून सबळ आहे. रोमन इतिहासकार टॅसिटस, ज्याला ख्रिस्ती लोकांविषयी तिटकारा होता, इसवी सन 116 च्या सुमारास लिहितो की ख्रिस्ताला सम्राट तिबेरियसच्या कारकिर्दीत पिलाताने देहदंड दिला. जोसीफसच्या ग्रंथात येशूवरील एक उतारा नंतरच्या ख्रिस्ती नकलाकारांनी सजवलेला आहे हे उघड आहे, पण दुसऱ्या एका ठिकाणी, इसवी सन 62 मधील याकोबाच्या हत्येची हकीकत सांगताना, तो याकोबाची ओळख ख्रिस्त म्हणवल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ अशी जाता जाता करून देतो. शिवाय, कथा रचणारा आपल्या नायकाला अडचणीत टाकणारे तपशील रचत नाही: ज्याला तारणारा म्हणायचे त्याने योहान नावाच्या दुसऱ्या उपदेशकाकडून पापक्षालनाचा बाप्तिस्मा घ्यावा, आणि शेवटी गुलामांना व बंडखोरांना देतात तो क्रुसाचा मृत्यू पत्करावा, हे पहिल्या शतकातील प्रचारकाला मुद्दाम सुचण्यासारखे नव्हते. याउलट जन्मकथांत गाठी आहेत. शुभवर्तमान लिहिणारा लूक जन्माच्या वेळची म्हणून जी क्विरीनियाची शिरगणती सांगतो ती इसवी सन 6 मधली, तर ज्याच्या काळात जन्म झाला असे मत्तय सांगतो तो हेरोद राजा इसवी सनापूर्वी 4 साली वारला होता. या गाठी न सुटोत, त्यामुळे येशू नव्हताच असे ठरत नाही, आणि आज या काळाचे बहुतेक सर्व इतिहासकार, श्रद्धा असलेले आणि नसलेले, तो होऊन गेला हे मान्य करतात. बाबाराव सावरकरांनी 1946 साली प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्तपरिचय’ या पुस्तकात ख्रिस्ताला तमिळ हिंदू ठरवले, आणि येशू हिमालयातील मठात राहून गेल्याची कथा 1894 साली नोटोविच या प्रवाशाने पसरवली; दोन्हींच्या मागे घटनेजवळचा एकही साक्षीदार नाही, आणि ओफीरला लावलेली कसोटी येथे सैल करण्याचे कारण नाही.

सर्वांत जवळचा साक्षीदार म्हणजे येशूच्या मृत्यूनंतर धर्मांतर करून प्रचारक झालेला पौल. त्याचा काळ डेल्फी येथे सापडलेल्या, गल्लियो या रोमन अधिकाऱ्याचे नाव असलेल्या शिलालेखामुळे पक्का झालेला आहे, कारण करिंथ शहरात पौलाला याच गल्लियोसमोर उभे केल्याचे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे आणि गल्लियोची तेथील नेमणूक इसवी सन 51 च्या आसपासची ठरते. गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात, आपण कोणा माणसाकडून शिकलो नाही हे पटवून देण्याच्या भरात, पौल एक हकीकत शपथेवर सांगतो: धर्मांतरानंतर तीन वर्षांनी तो जेरुसलेमला गेला, येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे पंधरा दिवस राहिला, आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटला. येशूच्या मृत्यूला तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती. एका घरात, येशूबरोबर गालीलच्या वाटा तुडवलेला कोळी आणि येशूला कधीही न भेटलेला विद्वान असे दोघे पंधरा दिवस एकत्र राहिले, आणि त्यांच्यात काय बोलणे झाले याविषयी पौलाने एक ओळही लिहिलेली नाही.